शेवटचा येईपर्यंत

आस्लाउग राइतानची खोली रिकामी करायला
मला बोलावलं,
कारण कुठली वायर कुठे जाते
हे तिच्याखेरीज मलाच ठाऊक.
एकतीस वर्षं तळघरातली यंत्रं सांभाळली मी.
त्रोनहाइमच्या जानेवारीत
विद्यापीठातली सगळ्यात उबदार जागा ती;
बर्फातून आली की ओले मोजे वाळत घालायची
कपाटाएवढ्या त्या धुडाच्या पाठीवर,
आत सोळा प्रोसेसर घुमत असायचे.

सत्त्याऐंशी साली आलं ते धूड.
विभागात कुजबुज झाली:
इथे एक धड चालत नाही, हिला सोळा हवेत.
ती म्हणाली, काम वाटणं सोपं असतं हो,
चार भावांत शेत वाटतात तसं.
खरी भानगड वाटणीनंतर,
कोण कुणाशी बोलतो, आणि कधी.
तिच्या पहिल्या पेपरची चौदा पानं:
दोन कामाबद्दल,
उरलेली बारा वाट बघण्याबद्दल.

वर्गात ती फळ्यावर एक आडवी रेघ ओढायची.
इथे थांबायचं. सगळ्यांनी.
पंगतीतून जसं कुणी आधी उठत नाही,
शेवटच्याचा ताकभात संपेपर्यंत,
तसं. (तिकडे ताकभात नसतो,
ती मासळीच्या सुपाचं नाव घ्यायची,
पण अर्थ तोच.)
एका पोराने विचारलं,
हळू जेवणाऱ्याला उठवूनच का देत नाही?
त्या वर्षी तिची आई रयोरोसच्या वृद्धाश्रमात
एक बटाटा सोलायला पाऊण तास लावत होती.
खडू हातातच राहिला तिच्या.
मग म्हणाली,
कारण उत्तराचा एक तुकडा त्याच्याकडे आहे.

प्रोफेसरपद तिसऱ्या खेपेला मिळालं.
अनुदानाचे अर्ज, नकाराची पाकिटं,
घटस्फोट, दोन डॉक्टरेट विद्यार्थी,
मग अकरा.
सोळाचे पाचशे बारा झाले, मग हजारो,
आणि एके दिवशी यंत्रच निघून गेलं उत्तरेला,
कुठल्याशा डोंगराच्या पोटात,
जिथे ती कधी गेली नाही.
तळघराच्या दारात उभी राहून म्हणाली,
आता मोजे कुठे वाळवू?

नऊ साली तार्याय आला. लाजाळू, नखं खाणारा.
तीन आठवडे तिला टाळत होता,
शेवटी माझ्याकडेच येऊन बोलला:
बाईंच्या एक्याण्णवच्या पद्धतीत चूक आहे.
चाळीस हजारांत एकदा
दोन प्रोसेसर एकाच घरात
एकाच क्षणी लिहितात,
आणि कोण जिंकलं ते कुणालाच कळत नाही.
तीनशे लोक त्या पेपरवर उभे होते.

तिने त्याची वही वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.
मग मला विचारलं, ते जुनं धूड
भंगारात गेलं का रे खरंच?
कागदोपत्री गेलं होतं.
खरं तर जिन्याखाली होतं, ताडपत्रीत.

अकरा रात्री चालवलं आम्ही.
तार्याय जमिनीवर झोपायचा, ती खुर्चीत.
नवव्या रात्री, पहाटे तीनच्या सुमाराला,
सातव्या घरात एक आकडा चुकला.
एवढासा.
अठरा वर्षं तो तिथे होता,
सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, घाईत असलेल्या दोघांच्या मध्ये.
तिने टाळी वाजवली, लहान मुलीसारखी,
आणि मग बराच वेळ काहीच बोलली नाही.

उपअधिष्ठाता म्हणाले, आता कोण बघतंय?
तिने दुरुस्ती छापली, दोन पानी,
तार्यायचं नाव आधी.
त्या शुक्रवारी वाफल्स तिनेच भाजली, थोडी करपलेली.

आज ते धूडही उघडलं, शेवटचं.
मागच्या फटीत, धुळीने करडा झालेला,
एक लोकरीचा मोजा. एकच.
तिने हातात घेतला, उलटा केला, टाच तपासली.
"याच्यासाठी मुलाला ओरडले होते मी," म्हणाली,
"ब्याण्णव साली. जोडीचा कधीच फेकला."
मोजा कोटाच्या खिशात घातला
आणि विचारलं, पाच नंबरची बस
अजून नदीवरूनच जाते ना?